साडेतीन सेकंदांचा निरोप

पडद्यावर एकच प्रश्न होता, आणि तो इतका सोपा होता की मिथिलाला हसूच आलं.

‘पाणी दाबल्यावर आक्रसतं, असं धरायचं का?’

खाली दोन गोल बटणं. हो. नाही.

आता हे काय विचारणं झालं? सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबायचा प्रयोग तिने सहावीत असतानाच केला होता. आत हवा असेल तर दट्ट्या आत जातो, पाणी असेल तर हूं की चूं करत नाही. मिथिला चौगलेने ‘नाही’वर बोट टेकवलं आणि डबा उघडून शेंगदाण्याची पोळी खायला घेतली. यंत्राने त्या क्षणाचीही नोंद ठेवली होती, हे तिला फार उशिरा कळलं. प्रश्न दिसल्यापासून उत्तर मिळेपर्यंत : शून्य पूर्णांक आठ सेकंद.

त्या यंत्राचं नाव जलबिंब. दिसायला चपात्यांच्या डब्याएवढं, पण त्याच्या पोटात अख्ख्या गावाचं पाणी वाहायचं. खरं नव्हे, आकड्यांचं. गावातला प्रत्येक पाइप, प्रत्येक वळण, प्रत्येक व्हॉल्व्ह त्यात जसाच्या तसा होता, आणि एखादा व्हॉल्व्ह फिरवला तर पुढे काय होईल ते जलबिंब आधीच दाखवायचं. दहा वर्षांपूर्वी असलं गणित करायला मोठमोठी यंत्रं लागत. आता तांबूळखिंडीसारख्या डोंगरातल्या नगरपंचायतीकडेही एक डबा आला होता, आणि दहावीच्या मुलांना तो हाताळायची परवानगी होती. मुलं म्हणजे मिथिलाच. बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यातच जांभया दिल्या होत्या.

मिथिलाला जांभई आली नाही, कारण तिच्याकडे फरझाना होती. फरझाना मुल्ला वरच्या आळीत राहायची. एकाच मोठ्या पाइपातून पाणी यायचं, पण खालची पेठ ते अर्धंअधिक ओढून घ्यायची, आणि वरच्या आळीच्या नळाला करंगळीएवढी धार. फरझाना रोज घागरी भरून शाळेत यायची, रोज प्रार्थना चुकवायची आणि रोज ओणवी उभी राहायची.

“तुझ्या त्या डब्याला सांग की,” ती एकदा म्हणाली, “माझ्या जागी तो ओणवा राहील का म्हणावं.”

“डबा कशाला? मीच करते काहीतरी.”

“तू? तुला साधी घागर कमरेवर धरता येत नाही, मिथे!”

पण मिथिलाने केलं. तिची कल्पना खरोखरच झकास होती. धरणातून येणाऱ्या मोठ्या पाइपाच्या खालच्या टोकाला झडपघर होतं. तिथल्या व्हॉल्व्हला मोटर बसवायची. मोटरने पेठेकडचं पाणी जरासं आवळायचं, की आळीकडे दाब चढेल. मग जरासं सैल सोडायचं, की पेठेचीही ओरड नाही. पुन्हा आवळायचं, पुन्हा सैल. माणसाला दिवसभर असं करता येणार नाही, यंत्राला येईल.

त्यासाठी गणिताची पद्धत निवडायची होती. विज्ञानाच्या हत्तरकी मॅडमनी फळ्यावर एक लांब पाइप काढला आणि त्यात उभ्या रेघा मारल्या.

“पाइपाचे असे बारीक खण पाडायचे. प्रत्येक खणाला दोन दारं. एका दाराने किती आत आलं, दुसऱ्याने किती बाहेर गेलं, आणि आत काय उरलं, एवढंच प्रत्येक खणासाठी बघत जायचं. हिला परिमित घनफळ पद्धत म्हणतात. इथपर्यंत सोपं आहे. पुढे दोन वाटा फुटतात.” मॅडम वळल्या. “पोषण आहाराची रांग आठव. समज, रांगेतल्या सगळ्यांनी एकच लांब बांबू घट्ट धरलाय. मागच्याने ढकललं तर पुढचा कधी हलेल?”

“लगेच.”

“हे न दबणारं पाणी. एका खणात काही झालं की सगळ्या खणांना त्याच क्षणी कळतं. यंत्र एका दमात सगळ्यांचा दाब जुळवून टाकतं. झटपट काम. आता बांबू काढून घे. मागच्याने धक्का दिला, की तो पुढच्याच्या पाठीवर जातो, तो त्याच्या पुढच्याला देतो. धक्का रांगेतून प्रवास करत जातो. हे दबणारं पाणी. इथे प्रत्येक खण फक्त शेजाऱ्याशी बोलतो, आणि बातमी आवाजाच्या वेगाने पळते. तिला पकडायचं तर यंत्राला अगदी मुंगीची पावलं टाकावी लागतात. फार वेळ खातं.”

“पण पाणी तर दबतच नाही ना मॅडम?”

“दबतं. अगदी किंचित. पाणी कसलं आहे यापेक्षा, तू त्याचं काय करणार आहेस यावरून पद्धत निवडायची.”

हे शेवटचं वाक्य मिथिलाने ऐकलं, म्हणजे कानावर पडलं. ती तेव्हा जलबिंबचा पडदा बघत होती. दबणारी पद्धत : एकेचाळीस मिनिटं. न दबणारी : सहा सेकंद. त्या सहा सेकंदांनी तिचं डोकंच फिरवलं होतं. सहा सेकंदांत उत्तर म्हणजे मोटर जवळजवळ हाताने चालवल्यासारखी पळवता येईल!

झडपघर बघायला ती आणि फरझाना एका शनिवारी गेल्या. तिथे यल्लाप्पामामा होते. यल्लाप्पा नाईक, नगरपंचायतीचे व्हॉल्व्हमन, एकतीस वर्षं गावाचं पाणी सोडणारे. उजव्या हाताचा दंड डाव्यापेक्षा जाड. डाव्या कानाने लहानपणापासून कमी ऐकू यायचं, म्हणून बोलणाऱ्याकडे उजवा कान करून बसायची सवय.

मामा लोखंडी चावीने व्हॉल्व्ह बंद करत होते. पाव फेरा फिरवायचे, मग सागाची एक काठी पाइपावर टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावायचे. डोळे मिटून थांबायचे. मग पुन्हा पाव फेरा, पुन्हा काठी. अख्खा व्हॉल्व्ह बंद व्हायला पाऊण तास.

“मामा, पाइप काय म्हणतो?” फरझानाने विचारलं.

“पाइप कशाला बोलंल? पाणी बोलतंय.” मामांनी काठी मिथिलापुढे धरली. “लाव कान. वॉल फिरवला की पाण्याला हिसका बसतोय. त्यो हिसका वर धरणापातूर जातोय आन् माघारी येतोय. त्यो येऊन शांत झाल्याबिगर दुसरा हिसका द्याचा न्हाई. लाव, लाव.”

मिथिलाने कान लावला. मामांनी चावी किंचित फिरवली. काठीतून ‘ठक्’ असा आवाज आला, मग नुसती सरसर. आणि मग लांबून, एखाद्याने दुसऱ्या खोलीत पाट ठेवावा तसा, एक मऊ ‘धप्प’.

“आला?” मामांनी विचारलं.

“आला,” ती म्हणाली, आणि फिस्सकन हसली. “मामा, पाणी काय धरणाला विचारून येतं काय, बंद होऊ का म्हणून?”

“व्हय की. असंच समज.” मामाही हसले. त्यांना वाटलं, पोरीला आवडलं.

सोमवारी वर्गात मिथिलाने बाकावर पाण्याची बाटली ठेवली, तिच्यावर फूटपट्टी टेकवली, कान लावला, डोळे मिटले आणि मामांच्या आवाजात म्हणाली, “थांबा रं, धरणाचा फोन आलाय.” अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. तेव्हापासून मामा रस्त्याने दिसले की मुलं ओरडायची, “मामा, फोन आलाऽऽ!” मामा हात वर करायचे. त्यांना कशाबद्दल ते माहीत नव्हतं.

नगरपंचायतीने मोटर बसवली आणि जलबिंबला जोडली. दर दहा सेकंदांनी एक आवळ-सैल. पहिल्याच दिवशी वरच्या आळीच्या नळाला मनगटाएवढी धार आली. फरझानाच्या आईने मिथिलाला घरी बोलावून शिरखुर्मा केला, ईद नसताना! फरझाना प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी राहिली. गावात मिथिलाला कोणी नावाने हाक मारेना, ‘पाणीवाली पोर’ म्हणायला लागले. ती चालताना हात जरा जास्तच हलवायला लागली.

बाराव्या दिवशी दुपारी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे तीन परीक्षक येणार होते. सकाळी आंघोळीनंतर केस पुसता पुसता मिथिलाच्या मनात आलं, दहा सेकंद जरा सुस्त वाटतात. सहा सेकंदांत उत्तर मिळतंय, मग सात का नको? साडेतीन सेकंद आवळ, साडेतीन सेकंद सैल. चपळ दिसेल. तिने जलबिंबला विचारलं. न दबणाऱ्या पाण्याच्या पद्धतीने उत्तर आलं : दाबात फरक नाही. तिने फोनवरूनच, परीक्षक येतील त्या वेळेपासून लागू होईल असं लावून, दहाचे सात केले. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

परीक्षक पडद्यासमोर उभे असताना फोन थरथरला. ‘यल्लाप्पामामा’. तिने कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला.

“कोण आहे?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“व्हॉल्व्हमन आहेत,” मिथिला गोड हसली. “त्यांना यंत्राची अजून सवय नाही.”

आणि तेवढ्यात डोंगराच्या बाजूने असा आवाज आला की शाळेच्या खिडक्यांच्या काचा वाजल्या.

झडपघरातला पाइप सांध्यातून फाटला होता. पत्रे उडाले होते, चिखल रस्त्यापर्यंत आला होता. मामा भिंतीशी बसलेले सापडले. अंगावर कुठे मोठी जखम नव्हती. फक्त लोक काहीतरी विचारत होते आणि ते प्रत्येकाला एकच सांगत होते, “मोठ्यानं बोला. मोठ्यानं.” उजवा कान गेला होता. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही.

चौकशी दोन दिवसांत झाली. जलबिंबच्या नोंदीतलं शेवटचं मिनिट तेवढं पाहिलं गेलं, आणि त्यात स्पष्ट होतं : पाइप फुटायच्या नऊ सेकंद आधी मोटरची जोडणी तोडून व्हॉल्व्ह हाताने फिरवला होता. हात मामांचा. नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांनी मिथिलालाही बोलावलं. हत्तरकी मॅडम शेजारी होत्या. समोर मामा, कानावर पट्टी.

“बाळ, तुझ्या पद्धतीत असा दाब चढणं शक्य आहे का?”

मिथिलाच्या जिभेवर सात हा आकडा आला होता. खरंच आला होता. पण बाहेर आलं ते असं : “पाणी दाबलं जात नाही सर. प्रत्येक वेळी दाब लगेच जागेवर येतो.”

“म्हणजे यंत्राने नाही.”

तिने मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, तिलाही सांगता आलं नसतं. पण मुख्याधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मामा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ते तिच्याकडे बघून हसले, धीर द्यावा तसे, आणि मग त्यांना खुणेने सांगण्यात आलं की चावी टेबलावर ठेवा.

बाहेर फरझानाने विचारलं, “काय म्हणालीस तू?”

“विचारलं तेवढं सांगितलं.”

“आणि न विचारलेलं?”

मिथिलाने बुटाची लेस बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

त्या संध्याकाळी तिने जलबिंब पुन्हा उघडलं. तोच प्रश्न. या वेळी तिने ‘हो’वर बोट ठेवलं आणि एकेचाळीस मिनिटं समोर बसून राहिली. पाइप दोन हजार शंभर मीटर लांब. त्यात आवाजाचा वेग सेकंदाला बाराशे मीटर. हिसका वर जाऊन परत यायला साडेतीन सेकंद. आणि तिची मोटर नेमकी साडेतीन सेकंदांनी उलटी फिरत होती. झोपाळा मागे आला की नेमका त्याच वेळी धक्का, पुन्हा आला की पुन्हा धक्का. एकेक धक्का फुंकरीएवढा. पण झोपाळा प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर.

पडद्यावर करवतीचे दात उमटत गेले. पहिला बुटका, दुसरा जरा उंच, तिसरा त्याहून. चार मिनिटं दात वाढत होते. मामांनी मोटरची जोडणी तोडली ती शेवटच्या नऊ सेकंदांत. त्यांनी फोडला नव्हता पाइप. ते झोपाळा हाताने धरायला गेले होते.

आणि तिला तो ‘धप्प’ आठवला. पाणी खरंच दबत नसतं, तर निरोपाला वेळ लागलाच नसता. ठक् आणि धप्प एकाच वेळी आले असते. मधली ती सरसर, तीच तर सगळी गोष्ट होती. ती तिने स्वतःच्या कानाने ऐकली होती. ‘आला’ असं तोंडाने म्हणाली होती. आणि हसली होती. आणि वर्गात नक्कल केली होती. तिला खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. ती घरी गेली, जेवली, आईने विचारलं तर ‘डोकं दुखतंय’ म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी निरोप आला : शनिवारी सभागृहात मिथिलाचा सत्कार.

सत्कार! परीक्षकांनी प्रकल्प राज्यासाठी निवडला होता. माणसाने हात घातला नसता तर यंत्र उत्तम चाललं असतं, असं अहवालात होतं.

सभागृह भरलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी शाल घातली, नारळ दिला, आणि “दोन शब्द बोल” म्हणाले. मिथिलाने नारळ टेबलावर ठेवला. तो गडगडत खाली गेला. कोणीतरी हसलं.

“मामांनी पाइप फोडला नाही,” ती म्हणाली. माइक शिट्टी मारत होता. “मी फोडला. मी त्या दिवशी सकाळी दहाचे सात केले. मामांनी मला दोनदा फोन केला. मी दोनदा कापला. चौकशीत मला विचारलं तेव्हा मला सात आठवत होते. मी बोलले नाही.”

मुख्याधिकारी तिच्या कानाशी वाकले. “बाळ, हे आत्ता नको. आपण नंतर ऑफिसात बसू.”

“नंतरच करत आले मी, सर.”

तिने फोनमध्ये आणलेला आलेख मॅडमना मागच्या भिंतीवर लावायला सांगितला. करवतीचे दात. तिने ते एकेक करून दाखवले, झोपाळा सांगितला, साडेतीन सेकंद सांगितले, मामांची काठी सांगितली. बाटलीवरच्या फूटपट्टीबद्दलही सांगितलं, जे कोणी विचारलंच नव्हतं. मग थांबली. वाट बघत राहिली, की आता कोणीतरी ओरडेल.

मागच्या रांगेतून एक टाळी आली. मग दुसरी. “धीट हाय पोरगी!” कोणीतरी ओरडलं, आणि अख्ख्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

मिथिलाला शाल काढून त्यात तोंड लपवावंसं वाटलं. तिने एका माणसाचा कान घेतला होता, आणि गाव तिला शाबासकी देत होतं! फक्त फरझाना हाताची घडी घालून बसली होती. ती टाळी वाजवत नव्हती, याचा मिथिलाला इतका आधार वाटला की तिला रडूच फुटलं.

सोमवारी सकाळी मामांना चावी परत मिळाली. पाइपाला नवा सांधा बसला होता, मोटर काढून ठेवली होती. मिथिला शाळेआधी झडपघरात पोचली. मामा चावीवर हात ठेवून नुसते उभे होते. काठी भिंतीला टेकवलेली.

ती समोर गेली, कारण मागून हाक मारून उपयोग नव्हता. तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, सगळं सांगितलं. फोन. सात. चौकशी. नक्कल. झडपघरात शब्द घुमत होते आणि प्रत्येक शब्द तिला स्वतःलाच दुसऱ्यांदा ऐकावा लागत होता.

मामांनी चावीवरचा हात काढला.

“मला फोन आला म्हणून पोरं वरडायची,” ते म्हणाले. “ते तू काढलंतं व्हय?”

“हो.”

“मला वाटायचं, पोरांना माझा लळा लागलाय.”

पाइप फुटल्याबद्दल ते काही म्हणाले असते तर तिने ते सोसलं असतं. हे तिला सोसेना. तिने खाली बघितलं. ‘माफ करा’ हे शब्द तिने येताना पाठ केले होते. आता ते इतके लहान वाटले की तिने ते तोंडातच ठेवले.

मामांनी काठी उचलली. क्षणभर स्वतःच्या उजव्या कानाशी नेली, सवयीने. मग थबकले आणि तिच्यापुढे धरली.

“आळीचं पाणी सोडायचंय. मला न्हाई ऐकू येत. तू ऐक आन् हातानं सांग.”

तिने कान लावला. मामांनी चावी पाव फेरा फिरवली. ठक्. मग सरसर. तिने श्वास धरला. मनातल्या मनात बाराशे मीटर, अजून नऊशे, डोंगर चढून, धरणाला शिवून, परत उतारावरून. धप्प. मग त्याच्यामागून एक बारीक धप्प, त्याहून बारीक एक, आणि मग फक्त पाणी.

तिने हात वर केला.

मामांनी तिच्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, हसूनही नाही.

“कान चांगला हाय तुझा,” ते म्हणाले. “तवाबी चांगलाच व्हता.”

मिथिलाने काठी पुन्हा पाइपावर टेकवली, डोळे मिटले, आणि मामांनी चावी फिरवायची वाट बघत राहिली. खाली शाळेची प्रार्थना सुरू झाली होती. आज ओणवं तिला राहायचं होतं.